पाटलीणबाईंची सुई

"मशीन पायरीखाली ठेव," शेठ म्हणाला. "वर नको आणूस."

कर्जतला त्याच्या दुकानासमोर मी उभी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर शिलाईचं हातमशीन. कशेळ्यापासून एस्टीत मांडीवर, स्टँडपासून डोक्यावर. मान अशी आखडलेली की नमस्कार करायचा तर आख्खं अंग वाकवावं लागलं असतं. करायचा नव्हताच म्हणा.

तेवढ्यात त्याचा मेकॅनिक पिशवी घेऊन निघाला. कुठे? आमच्याच कशेळ्याला. पाटलीणबाईंच्या मशीनची सुई बदलायला.

सुई.

मी जळले. खोटं कशाला सांगू? त्यांच्या पाटल्यांवर कधी जळले नव्हते, त्या सुईवर जळले. वर्षभराच्या दुरुस्तीचा करार दोघींनी याच दुकानात केलेला. आमच्याकडे माणूस का येत नाही, विचारलं.

"बौद्धवाडीत? कागद उलटा करून वाच."

मागे मुंगीएवढी अक्षरं. सेवा कुठे द्यायची ते दुकानदार ठरवील. खाली माझी सही. वाचता येत होतं, तरी न वाचता केलेली. अंगठा लावायचा नाही, याच ऐटीत.

चार दिवसांनी, दुरुस्त होऊन आलेल्या मशीनवर शिवलेला एक ब्लाउज पाटलीणबाईंच्या आळीत द्यायला गेले आणि त्यांचा कागद बघायला मागितला.

"बघ की गं. आमच्याकडं तर तेल घालायलाबी तोच येतो."

कागद उलटा केला. तीच ओळ. त्याच मुंग्या. त्यांच्या घरी झोपलेल्या, माझ्या घरी चावणाऱ्या.

घरी ब्लाउजचा फर्मा कापायला जुना पेपर पसरला, तर त्यात ग्राहकांच्या नव्या कायद्याची बातमी. कापलेल्या बाहीच्या गोलाईत अर्धी गेलेली. उरली तेवढी पुरे होती. पैसे घेऊन सेवेत कसूर केली तर जिल्ह्याला, म्हणजे अलिबागला, तक्रार करता येते, वकील लागत नाही.

पुढच्या महिन्यात मशीन पुन्हा अडलं. मी रिकाम्या हाताने कर्जतला गेले. पायरी चढले. वर गेले.

"मशीन कुठाय?"

"घरी हाय. माणूस पाठवा. नायतर अर्ज अलिबागला जाईल. पाटलीणबाईंच्या सुईसकट."

शेठ हसला. माणूस आला नाही. मी अर्ज टाकला.

मशीन बंद पडून होतं. गिऱ्हाइकं कपडे पाटलीणबाईंकडे शिवायला टाकू लागली. तेव्हाही जळले, पोटभर जळले, आणि हाताने टाके घालत बसले. चुंबळ मात्र अर्ज टाकला त्याच दिवशी उसवली. तिच्या चिंध्यांनी मशीन रोज पुसत होते. ते माझ्या डोक्यावर पुन्हा चढणार नव्हतं. त्याला हात लावायचा, तर माणसाने माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं.