निकानोराच्या रानपपया

निकानोराच्या शेताच्या उत्तर बांधावर रानपपया आपोआप उगवत. पाखरं फळं खाऊन बिया टाकत, आणि रान जाळून शेत केलं की राखेतून हीच झाडं आधी वर येत. फळ लिंबाएवढं, आत गर कमी आणि बियाच फार. मका खुरपताना ती या झाडांना वळसा घाली, म्हणून मेक्सिकोतल्या युकातानमधलं ते खेडं तिला हसे. रानडुकराचं मांस शिजेना झालं की मात्र हसणारेच तिच्याकडे पपईची पानं मागायला येत.

तिचा धाकटा भाऊ आबुंदियो याने गावाभोवतीचं रान साफ करून लाल गराची मोठी पपई लावली. सगळी रोपं एकाच बियाण्याची. निकानोरा एकदा त्या रांगांमधून चालत गेली आणि मध्येच थांबून झाडं बघत राहिली.

"काय बघतेस, ताई?"

"सगळ्यांचं तोंड सारखं आहे रे. एकाला बाधेल ते सगळ्यांना बाधेल."

"तुला ना, कुणाचं चांगलं बघवत नाही," तो हसत म्हणाला.

फेब्रुवारीत आबुंदियोच्या शेताच्या दक्षिण कोपऱ्यातली पानं आकसली. मग फळांवर कड्यांसारखे डाग उठले. महिन्याभरात अर्धं शेत पिवळं पडलं. पपईच्या खरेदीदाराचा माणूस आला आणि सांगून गेला, की रोग रानटी झाडांत दडून बसतो, ती आधी तोडा.

आबुंदियो कोयता घेऊन बहिणीच्या बांधावर आला.

"सतरा झाडं आहेत," निकानोरा म्हणाली. "पाच आकसलीत, बारा हिरवीगार आहेत. ती का वाचली, ते विचार की तुझ्या माणसाला."

"विचारायला वेळ नाही. बाजूला हो, ताई."

त्याचे डोळे खोल गेले होते. तीन दिवस त्याच्या पोटात धड भाकरी गेली नव्हती. ते पाहून ती बाजूला झाली. पुढे तिने स्वतःला माफ केलं नाही ते त्या एका पावलासाठी.

त्याने सतराही तोडली. हिरव्या झाडांच्या ढिगात पिकलेलं फळ एकच निघालं, तेही पाखरांनी अर्धं खाल्लेलं. त्यातल्या बिया तिने शालीच्या पदरात बांधल्या.

रोग थांबला नाही. पावसाळ्याआधी आबुंदियोचं शेत संपलं आणि तो किनाऱ्यावर हॉटेलांच्या बांधकामावर गेला.

बियांतून नऊ रोपं आली. सहा आकसून मेली. तीन ताठ उभी राहिली. आता शेजारी हसत नव्हते. येऊन गुपचूप बघून जात. पाचव्या महिन्यात कळ्या आल्या, त्या लांब लोंबत्या देठांवर. तिन्ही झाडं नर निघाली; मादी झाडावाचून ना फळ, ना बी.

फळणारं एखादं रानझाड मिळेल म्हणून ती तीन दिवस गावोगाव फिरली. जिथे रान होतं तिथे आता लागवडीच्या सरळ रांगा होत्या. एका म्हातारीने सांगितलं, "होतं गं एक विहिरीपाशी. मागच्या वर्षीच पाडलं."

ती घरी परतली त्या संध्याकाळी आबुंदियोचा फोन आला.

"काय म्हणतात तुझी झाडं?"

"फुललीत."

"मग पहिलं फळ माझ्यासाठी ठेव हं, ताई."

"ठेवते," ती म्हणाली. खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. बांधापलीकडे, भावाच्या उजाड शेतात, कुणी परकी माणसं दोरी धरून नव्या रोपांसाठी खड्डे आखत होती.