कौलारू म्हणजे काय

सातवीनंतर शाळा सोडली आणि फिरत फिरत नगरच्या एमआयडीसीत वेल्डिंगला लागलो. कोकणातलं घर लांब राहिलं. खोलीच्या मालकीणबाईंना मी काकू म्हणतो. एकदा बोलता बोलता म्हणालो, आमचं घर कौलारू आहे.

"कौलारू म्हंजे काय रं? आमच्या पारनेरला मातीचं धाबं, न्हाई तर पत्रा."

मी भाकरीचे तुकडे ताटात एकावर एक चढवून दाखवले. ह्याची कड त्याच्यावर, त्याची पुढच्यावर.

"आन् वाऱ्यानं उडत न्हाई? लईच भरवशाचं घर हाय तुमचं," म्हणून त्या हसल्या.

पावसाआधी आम्ही कौलं उतरवून, झाडून परत लावतो. प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा गेलाय. वर घरातल्या सगळ्यात हलक्या माणसानं चढायचं, पाय वाशावरच ठेवायचा. ते काम माझं. बाबा खाली अंगणात उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "ते टाक."

गेल्या वर्षी सुट्टी मिळेना. "मी येईस्तोवर चढू नका," रोज फोनवर तेच. "मी कशाला चढतोय," बाबा म्हणायचे. ढग आले आणि ते चढले. पाय वाशावर पडला नाही.

फोन आला तेव्हा मला चप्पल सापडेना. काकूंनी नवऱ्याला गाडी काढायला लावली, डबा बांधून दिला, आणि माझी जागा राखा म्हणून स्वतः वर्कशॉपमध्ये सांगून आल्या. सख्ख्यांनीही एवढं केलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, कवटीला तडा आहे. बाबा वाचले, पण बोलत नाहीत. ऐकतात का, तेही कुणी सांगू शकलं नाही.

परत आल्यावर एका रविवारी वाचनालयात शब्दकोश उघडला. कौलारू कौलावरून आला, हे मलाही कळत होतं. पण कौल 'कपाल'वरून आल्याचं लिहिलं होतं. कपाल म्हणजे खापराचा तुकडा. आणि कवटीसुद्धा. पुस्तक मिटलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

यंदा सुट्टी मिळाली, तीही काकूंच्या शब्दावर. बाबांना अंगणात खुर्चीवर बसवलं, तोंड घराकडे करून. वर चढून एकेक कौल वाजवत गेलो, मुद्दाम जोरात. एक बद्द वाजलं. थांबलो. पुन्हा वाजवलं.

बाबा आंब्याकडे बघत होते.

मी ते हळूच बाजूला ठेवलं आणि पुढचं उचललं.