कॉकजवळची खुर्ची

जगात कोणाशीही पटवून घेता येईल, पण जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या नणंदेशी नाही, हे मी जामसांवलीच्या मारुतीसमोर उभी राहून सांगायला तयार आहे. पांढुर्ण्याच्या शाळेतून सुटून आमच्या ताई सौसरला आमच्याकडे राहायला आल्या, त्या एक बॅग कपड्यांची आणि सहा खोकी पुस्तकांची घेऊन. शाळा सुटली, शिकवणं काही सुटलं नाही.

बारशाला जावं आणि बाळाच्या नाकाचं कौतुक करावं, तर ताईंच्या अंगाचा तिळपापड. ‘थेट आजोबांचं नाक’ म्हणायची सोय नाही. लगेच भर पाहुण्यांत सुरू, “नाक घडायचं अजून बाकी आहे वं! आजोबाचं जे आलं ते पेटीत आहे, त्यातलं बाहेर काय निघते ते आताच कोणी सांगावं?” ही पेटी म्हणजे त्यांचा लाडका विषय. शरीराच्या प्रत्येक पेशीत म्हणे साड्यांची तीच अख्खी पेटी असते, डोळ्यात तीच आणि पायाच्या अंगठ्यातही तीच. फरक एवढाच की डोळ्याची पेशी एका साडीची घडी मोडते, अंगठ्याची दुसरीची, आणि बाकीच्या घड्या तशाच पडून राहतात. केव्हा कोणती घडी मोडायची यावरून गर्भाचं बाळ घडतं. ऐकायला बरं वाटतं हो. पण त्या बाळाची आजी रडायला आली होती, त्याचं काय?

एका पावसाळ्यात त्यांनी माझ्या अंघोळीच्या बादलीत बेडकांची पिल्लं पाळली. बादलीला हात लावला की ओरडायच्या, “शेपटी जायचा हुकूम निघून राहिला आता, हलवू नको!” बेडकाच्या शेपटीपायी मी महिनाभर पातेल्यातून अंघोळ केली! मटकीला मोड आणायचे तर अर्धी फडक्यात अंधारात, अर्धी खिडकीत उजेडात. उसळ मागितली की, “प्रयोग खाते का?” आणि मटकीच्या दाण्यादाण्यातला फरक ओळखणाऱ्या ह्याच बाईच्या शेजारी दूध उतू जाऊन करपलं तरी हिला पत्ता नाही! तीन पातेली जाळली. मी चांगली खरडपट्टी काढली. त्या नुसत्या हसल्या.

पण खरा संताप झाला तो संत्र्यांवरून. रामाकोन्याच्या रस्त्यावर आमची बाग आहे, आणि तिच्यातली चाळीस झाडं मी माझ्या हातानं लावलेली. गेली तीन वर्षं ती फुलली नव्हती. बाकीची बाग लदबदलेली, आणि माझ्या दोन ओळी नुसत्या हिरव्यागार. शेवटी आमचे हे, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, जेवताना म्हणाले, “वांझ झाल्या त्या ओळी. माघ संपला का जेसीबी बोलावतो.”

ताईंनी ताट सरकवलं. “बाबू, हा शब्द ह्या घरात चालत नाही.”

ह्यांनी मान खाली घातली, मीही. आम्हाला मूल नाही. लग्नाच्या चौथ्या वर्षी सासूबाई मला हाच शब्द बोलल्या होत्या, तेव्हा ताईंनी दोन दिवस आपल्या आईच्या हातचं अन्न घेतलं नव्हतं. त्याच वर्षी मी ती चाळीस कलमं लावली होती.

दुसऱ्या दिवशी ताई बागेत आल्या. संत्र्याला बहार आणायचा तर थंडीत महिना-दीड महिना पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, मग फुलं येतात. ताण नुकता सुरू झाला होता. ताईंनी माझ्या झाडाखाली बसून केसातल्या आकड्यानं माती उकरली. ओली! त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. आता सांगूनच टाकते. ड्रिप बसवल्यापासून माझ्या ओळींच्या पाण्याचा कॉक वेगळा आहे, आणि शेजारच्या गव्हाला पाणी सुरू असताना तो कॉक मीच हळूच उघडत होते. तिन्ही वर्षं. मला त्यांची सुकलेली तोंडं पाहवत नव्हती.

भावाला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून कॉकजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून, थर्मास घेऊन बसायला लागल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत! म्हणजे मी चोर, आणि माझ्याच बागेत माझ्यावर पहारा! पानं वळायला लागली तशी मी तिथंच भांडायला उभी राहिले.

“ताई, मरून राहिली ती!”

“मरत नाही वं. फुलायची घडी त्यांच्याजवळ आहेच, मोडायला कारण पाहिजे. तहान लागली का पानातून फांदीला निरोप जाते. तू आयतं पाजून राहिली, मग त्यांनी काहून फुलावं? पानं काढत बसतात.”

“तुम्हाला काय! तुम्ही लावली नाहीत!”

“नाही न,” त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणून तर बसता येऊन राहिलं.” आणि मला चहा ओतून दिला. रागाच्या भरात मी तो पिऊनही टाकला.

दीड महिन्यानं त्यांनी खुर्ची उचलली. “सोड आता. तूच सोड.” मी कॉक उघडला. तोंडानं ताईंना बोलणं चालूच होतं.

तीनेक आठवड्यांनी संध्याकाळी मी फाटकातून आत शिरले आणि वास आला. संत्र्याच्या फुलांचा. मी पळतच सुटले. चाळीसही झाडं पांढरी झाली होती आणि ताई मधोमध उभ्या राहून वर बघत होत्या.

“ताई, वास!”

“सुटला का वं?”

मी जागीच थांबले. त्या तर झाडाखालीच उभ्या होत्या. “तुम्हाला येत नाही?”

“करोना झाला तेव्हापासून नाही. नाकात नव्या पेशी घडत राहतात. येईल कधी.”

मला करपलेलं दूध आठवलं. किती बोलले होते मी! आणि आताही तोंडातून रागच निघाला, “मग सांगायचं नाही का?”

“तू सांग न. कसा येऊन राहिला?”

“खूप येऊन राहिला ताई,” मी म्हटलं. “पार फाटकापासून.”

त्यांनी वळून फाटकाकडे पाहिलं, मधलं अंतर नजरेनं मोजलं आणि मान हलवली.

जेसीबी आला नाही. फुलं आहेत तोवर रोज संध्याकाळी ताई मला फाटकापाशी थांबवतात आणि विचारतात, “इथं येते का?” वारा उलटा असला की तिथं काहीच येत नाही. तरी मी म्हणते, येतो ताई.