रीमने दोर ओढला त्या सकाळी

पंधरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी, सौदीतल्या थुवालजवळच्या एका तबेल्यात, माझ्या डोळ्यांदेखत माझी लेक घोडीच्या पायाशी पडली.

आम्ही राबिघला राहतो. मी इथल्या एका प्लांटवर सेफ्टी ऑफिसर. रोज सकाळी कामगारांना हेल्मेट, हार्नेस आणि शिस्त यांवर भाषण देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरीही देतो. बायको त्याला ओव्हरटाइम म्हणते.

आमची इरा बारा वर्षांची. पाच महिने घोडेस्वारी शिकतेय, पण निम्मा वेळ जमिनीवरच जातो. शिकवणारे उस्मानभाई मूळचे मुलतानचे, सगळं आयुष्य घोड्यांत गेलेलं. त्यांचं म्हणणं, घोडं आधी दोरावर नीट चाललं पाहिजे, पाठीवर बसायचं नंतर. दोर सैल, घोडीचं डोकं आपल्या खांद्याशी, आपण थांबलो की तीही थांबणार.

इराची घोडी म्हणजे रीम. तपकिरी, शांत, पोरांची लाडकी. पण गेला महिनाभर ती बिघडत चालली होती... ढुशी देणं, दोर ओढणं, अंगावर येणं. मी मनात म्हटलं, उस्मानभाई थकले आता, लक्ष राहिलं नाही त्यांचं.

त्या दिवशी इरा तिला दोर धरून रिंगणाकडे आणत होती. मी कुंपणापाशी उभा. रीमने मला पाहिलं, कान टवकारले... आणि निघालीच! इराला खांद्याने असं ढकललं की पोरगी आडवी. दोर हातातून सर्रकन गेला आणि मागचा खूर इराच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडला.

वीतभर! मला ओरडताही येईना. आयुष्यभर लोकांना ‘घाबरू नका, आधी हे करा, मग ते करा’ शिकवणारा मी... नुसता खांबासारखा उभा.

इरा उठून बसली. ग्लोव्ह्जमुळे हात वाचले, कोपर तेवढं खरचटलं. तेव्हा कुठे माझी वाचा परत आली आणि ती सगळी उस्मानभाईंवर सुटली. "ये ट्रेनिंग है? घोड़ी पागल हो गई और आप देखते रहे!"

मालक अबू फहद धावत आले. त्यांनी दोन मिनिटं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खलास." ही घोडी मुलांसाठी नाही. दोन दिवसांत ट्रक येईल आणि रीम कुठेतरी विकली जाईल.

आता मात्र इरा रडायला लागली. पडल्यावर रडली नव्हती. "बाबा, प्लीज! शी इज नॉट बॅड!"

आणि या सगळ्या गोंधळात रीम कुठे होती? माझ्या शेजारी. माझ्या पँटच्या मोठ्या खिशात तोंड खुपसून.

मालक दूर गेल्यावर उस्मानभाईंनी तिचा दोर उचलला आणि हलकेच विचारलं, "साब, जेब में क्या रखते हो?"

गूळ...

कराडहून आणलेला. आमच्याकडे गोठ्यात रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही, मुक्या जनावराला काहीतरी द्यायचंच. तसा मी दर शुक्रवारी रीमला गुपचूप एक खडा द्यायचो. ती मागायला लागली तसे दोन. ढुशी मारली की मी कौतुकाने हसत मागे सरकायचो आणि अजून एक द्यायचो.

हाताने काही खायला घालू नये, असा बोर्ड तबेल्याच्या दारावरच आहे. मी तो वाचला होता! तो बाकीच्यांसाठी असावा, असं मला वाटलं. प्लांटभर बोर्ड लावत फिरणारा माणूस मी...

 प्लांटवर काही घडलं की मूळ कारण शोधायला मला बोलावतात. इथे मूळ कारण मीच होतो. माणसाला ढकललं की खाऊ मिळतो, हे त्या घोडीला मीच शिकवलं होतं. आणि मधे उभी होती माझीच पोरगी.

उस्मानभाईंनी मालकाला हाक मारली नाही की काही सांगितलं नाही. ते काम त्यांनी माझ्यावर सोडलं. मी गेलो... मोडक्यातोडक्या अरबीत, खिसा उलटा करून सगळं सांगितलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अबू फहदनी दोन बोटं दाखवली. दोन आठवड्यांची मुदत.

मग धडे सुरू झाले. रीमचे नव्हे, माझे! ड्युटी संपली की तबेल्यात. खिसे रिकामे, हातात दोर. रीम अंगावर आली की दोर हलवायचा, ती एक पाऊल मागे गेली की त्याच क्षणी सैल सोडायचा. मारायचं नाही, ओरडायचं नाही. पहिल्या दिवशी मीच पाच वेळा मागे सरकलो. "साब, सिखाना आप को है," उस्मानभाई म्हणाले, "सिखा वो रही है."

परवा शुक्रवारी परीक्षा. अबू फहद खुर्ची टाकून बसले होते. इरा रीमला घेऊन निघाली आणि मी मुद्दाम वाटेत उभा. "बाबा, हलायचं नाही," इराने बजावलं. जवळ येताच रीमचे कान उभे राहिले, दोर ताणला... इरा थांबली, तिने दोर जरासा हलवला. रीम एक पाऊल मागे सरकली. मान खाली, दोर सैल. आणि दोघी माझ्या समोरून निघून गेल्या.

अबू फहद उठले, चालू द्या अशा अर्थाने "यल्ला" म्हणाले आणि चहाला गेले. म्हणजे रीम राहिली! मी उस्मानभाईंचे दोन्ही हात धरून माफी मागितली, तर ते म्हणाले, "घोड़ी से भी माँग लो, साब."

रीमने जाताना माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कुणी आपल्याला इतकं साफ विसरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता...