मॅडमचं ‘हं’

सरकारनं सांभाळायला दिलेली मुलं घरोघर सुखात आहेत का, हे बघायला एक मॅडम अकोल्याहून अकोटला येत. नाक असं, की आमच्याकडे फोडणी करपली तर त्यांना तिकडे ठसका लागावा! आल्या की आधी पोराच्या चपला बघत, मग अंथरूण हुंगत. त्यांनी नुसतं “हं” म्हटलं, की परवाना रद्द आणि पोर परत, असा त्यांचा दरारा होता.

आमची चिमीही अशीच सांभाळायला आलेली. मॅडम घरात आल्या तसं मी तिला म्हटलं, “मॅडमले नमस्कार कर.”

“तूच कर, काका! माह्या वाटचा लाडू काहून खाल्ला?” म्हणत तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

“हं,” मॅडम म्हणाल्या.

मला असा घाम फुटला, की गल्लीतली नाली वाहू लागली. बायकोनं चिमीला पोटाशी धरलं.

“मागं एक परवाना रद्द केला मी,” मॅडम म्हणाल्या. “तिथली पोरगी काही विचारलं की आधी घरच्याईच्या तोंडाकडे पाहे. हे तर तुमाले मारून राहिली!” मग चिमीकडे वळून त्यांनी विचारलं, “अजून काय काय खाते वं हा काका तुह्या वाटचं?”

चिमी तावातावानं सांगत सुटली. मी सगळे गुन्हे कबूल केले, न केलेलेसुद्धा.