वरून दोर दिसतात

आमच्या जाऊबाई लिफ्टची देखभाल करतात आणि जिन्याने जातात.

हे सगळ्यांना दिसत होतं, पण कोणी बघत नव्हतं. खांद्यावर पान्यांची पिशवी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, निळ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अशी एक बाई चौदा मजले चढून गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाते. लोकांना वाटायचं, कामाचाच भाग असेल. एका वॉचमननं मात्र एकदा विचारलं, "काय बाई, हलवाई आपली मिठाई खात नाही, तसलं आहे का हे?" जाऊबाई हसल्या आणि पुढचा मजला चढू लागल्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे काम मोठे दीर करायचे. पुढे त्यांची कंबर गेली. ते घरी फळीवर आडवे झाले आणि पान्यांची पिशवी जाऊबाईंनी उचलली. कोणी उचल म्हटलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. इतकी वर्षं त्यांनी नवऱ्याच्या हातात नेमका हवा तो पाना दिला होता. आता तो स्वतःच्या हातात घेतला, एवढंच. तेव्हापासून फोन मोठे दीर घेतात, लोकांशी गोड बोलायचं काम आमचे हे करतात, आणि कॉम्प्युटर माझ्याकडे.

आमच्या धंद्याच्या वेबसाइटवर ब्लॉग म्हणून एक पान होतं. त्यावर ह्यांनी कुठून तरी आणून लिहिलं होतं, 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.' त्याखाली हसणाऱ्या, टाय लावलेल्या माणसाचा फोटो. आमच्या घरात टाय नाही.

जाऊबाई एकदा हाताचं ग्रीस पावडरनं घासत माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे कोण बोलतंय गं?"

"आपणच."

"मी नाही बाई असं बोलत."

"मग कसं बोलता?"

त्यांनी हात पुसले. "लिही. लिफ्ट म्हणजे दिवाणखाना नव्हे. केबिनमध्ये संगमरवर बसवू नका. तुमच्या हौसेचं वजन दोरांना रोज उचलावं लागतं."

मी तसंच लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "लिही. मुलांनी सगळी बटणं दाबली म्हणून ओरडता, आणि स्वतः एकच बटण दहा वेळा दाबता. बटणाला तुमची घाई कळत नाही." मग लिफ्टमधल्या आरशाबद्दल बोलल्या. आरसा ठेवा, म्हणाल्या, माणूस एकटा नाही असं त्याला वाटतं. लोक वाचायला लागले. कोणी तरी खाली लिहिलं, 'ही बाई खरी आहे का?' मी ते वाचून दाखवलं तेव्हा जाऊबाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या, जणू शंका योग्य होती.

"तू लिहितेस खरं," त्या मला म्हणाल्या, "पण बघितलंयस कुठं? चल."

त्यांनी मला त्या चौदा मजल्यांच्या इमारतीत नेलं. ती आमची सगळ्यात मोठी इमारत. अर्धं घर तिच्यावर चालतं. एका मजल्यावर त्यांनी किल्लीनं दार उघडलं. आत केबिन नव्हती. केबिनचं छप्पर होतं, पायाच्या पातळीला, आणि त्याच्यावर काळोख. "ये," म्हणत त्या छपरावर उतरल्या, अंगणात उतरावं तशा. मी भिंतीला धरून उतरले. त्यांनी छपरावरच्या बटणांच्या पेटीवरून लिफ्ट हळू चालवली आणि आम्ही उभ्या उभ्या वर जायला लागलो.

ते मला नीट सांगता येत नाही. रोज ज्या घरांमध्ये माणसं जेवतात, भांडतात, झोपतात, त्या घरांच्या मधोमध ही पोकळी उभी असते, तळापासून गच्चीपर्यंत, आणि तिच्याकडे कोणाचंच तोंड नसतं. बंद दारांच्या फटींतून प्रत्येक मजल्याचा थोडा थोडा उजेड आत येत होता. कुठे खोकला ऐकू आला, कुठे कुकरची शिट्टी, कुठे नुसतं कोणी तरी चालत होतं. आणि आमच्या समोर दोर. पोलादाचे, तेलकट, ताठ. ते हलत होते आणि हलत नव्हते. वर बघितलं तर ते एकमेकांच्या जवळ जात जात काळोखात शिरत होते. माझे हात आपोआप जुळले. देवळात कधी असे जुळले नव्हते.

जाऊबाईंनी दोराला हाताची पाठ लावली, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावी तशी. लिफ्ट अर्थातच थांबवून.

"इथं मला भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुठं वाटते?"

"आत."

त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. एक शब्द बदलला नाही.

'मी लिफ्टने जात नाही. मला आत भीती वाटते. दार बंद झालं की माझे तळहात ओले होतात. केबिनच्या छपरावर उभी राहून मी दिवसभर वरखाली करते, तिथं काही वाटत नाही, कारण वरून दोर दिसतात. आतल्या माणसाला दिसत नाहीत. त्याला फक्त आरसा आणि आकडे दिसतात. तरी तो आत पाऊल टाकतो. मुलाला कडेवर घेऊन टाकतो, फोनवर बोलता बोलता टाकतो. न बघितलेल्या दोरावर एवढा विश्वास मला जमलेला नाही. म्हणून मी तो दोर पुन्हा पुन्हा बघते. माझ्याकडून तुम्हाला हवं तर एवढंच आहे.'

दोन दिवसांनी त्या इमारतीच्या सेक्रेटरींचा फोन आला. मोठ्या दिरांनी फळीवर पडल्या पडल्या तो घेतला आणि ऐकता ऐकता बसते झाले. वर्षाचा करार रविवारी नवा व्हायचा होता. सेक्रेटरी म्हणाले, ज्या बाईला स्वतःच्या लिफ्टची भीती वाटते तिच्या हाती आम्ही आमची माणसं कशी द्यायची? रविवारी कमिटी बसतेय. तोवर ते लिखाण काढा, नाही तर दुसरी पार्टी तयार आहे.

आमच्या ह्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"हात दाखवून अवलक्षण! वहिनी, कोणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"हो. एकानं विचारलं होतं, ही बाई खरी आहे का."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"भाऊजी, मूठ झाकून पाना कसा धरू?"

हे माझ्याकडे वळले. "तू तरी काढून टाक. एक बटण दाबायचं आहे."

"दहा वेळा दाबू का?" मी म्हटलं. मोठे दीर खोकल्यासारखं हसले, पण लगेच पुन्हा फळीवर आडवे झाले. ती इमारत गेली तर काय, हे त्या फळीइतकं कोणाला माहीत नव्हतं.

जाऊबाईंनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी मांडली. मग मला म्हणाल्या, "वाच परत." मी वाचलं. "ह्यातलं खोटं काय आहे ते काढ," त्या म्हणाल्या. मी परत वाचलं. आणि कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी आम्ही दोघीच गेलो. हे आले नाहीत. म्हणाले, मला तमाशा बघवत नाही. तळमजल्यावर लिफ्टसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. कमिटीची माणसं फोनमध्ये बघत होती. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. त्यांनी आधी आम्हाला पाणी दिलं आणि मग म्हणाले, "बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण असं चारचौघांत लिहायचं? डॉक्टर कधी म्हणतो का, मला रक्ताची भीती वाटते?"

"माझ्या डॉक्टरनं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं," जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणजे काढणार नाही?"

"नाही."

कोणी तरी चुकचुकलं. सेक्रेटरींनी चष्मा काढला. ते काही बोलणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि त्यांनी तो उचलताच पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, कारण पलीकडच्या माणसाला कमी ऐकू येत होतं आणि ते ओरडून बोलत होतं.

"आली का ती बाई? आली असेल तर वर पाठव तिला!"

"आई, इथं मीटिंग चाललीय."

"मग मीटिंग वर पाठव!"

सेक्रेटरींच्या आई दहाव्या मजल्यावर राहतात. पूर्वी एकदा लिफ्टमध्ये त्या एकट्या अडकल्या होत्या, वीज गेली म्हणून, जनरेटर सुरू होईपर्यंत. तेव्हापासून त्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नव्हत्या, आणि गुडघे जिना उतरू देत नव्हते. नातीचं लग्नसुद्धा त्यांनी फोनच्या पडद्यावर बघितलं. हे सगळं सेक्रेटरींनी आम्हाला जिन्याच्या पहिल्या पायरीशी, खाली बघत सांगितलं. मग ते लिफ्टने वर गेले, आम्ही जिन्याने.

दारात आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पायात चपला. बाहेर पडायच्या चपला. नव्या होत्या आणि त्यांच्यावर धूळ होती.

"तूच का ती घाबरट?"

"मीच," जाऊबाई म्हणाल्या, धापा टाकत.

"हा मला रोज सांगतो, आई, घाबरायचं काही कारण नाही. आजूबाजूचे सांगतात, काही होत नाही. सगळे शूर! शूरांबरोबर मी नाही जाणार. तुझं ते नातवानं वाचून दाखवलं." त्यांनी जाऊबाईंचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, उलटा केला, तळवा बघितला. "ओला आहे खरंच."

"मी येते तुमच्याबरोबर आत," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आत येऊन काय करणार? दोघी थरथरू? तू वर उभी राहा. तुला दोर दिसतात ना? मग मला सांगत राहा."

सेक्रेटरी म्हणाले, "आई, असं चालत नसतं."

"चालतं," जाऊबाई म्हणाल्या. "काम करताना कधी कधी एक माणूस आत ठेवावंच लागतं. लिफ्ट हळू जाते, आणि चालवणारी मी." मग माझ्याकडे बघितलं. "तू आत राहा. हात धर."

त्या छपरावर उतरायला अकराव्या मजल्यावर गेल्या. किल्लीचा आवाज आला, मग आमच्या डोक्यावर पाऊल पडलं. आजी माझ्या दंडाला धरून आत आल्या. दार बंद झालं. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या नाडीचं ठोकणं माझ्या बोटांत लागत होतं, की माझंच त्यांच्या बोटांत, ते कळायला मार्ग नव्हता.

छपराच्या जाळीतून टॉर्चचा उजेड खाली पडला. आणि त्या उजेडातून आवाज.

"आजी, दोर बघितले. सगळे ताठ आहेत. एकही तार तुटलेली नाही. निघू?"

"नीघ!" आजी ओरडल्या.

आम्ही उतरायला लागलो. इतक्या हळू, की उतरतोय हे फक्त दाराच्या फटीत सरकणाऱ्या उजेडावरून कळत होतं.

"नववा गेला. दोर सरळ चाललाय. थोडा आवाज येईल, तो केबिनच्या रुळातल्या खाचेचा आहे, माझ्या ओळखीचा आहे." आवाज आला. "हा तोच." मग, "आठवा. इथं कोणी तरी रेडिओ लावलाय." आजींनी मान तिरकी केली, त्यांना ऐकू येत नव्हता, पण त्या ऐकत होत्या.

"आता मध्यावर आलो, आजी. आता समोरून एक वजन वर जाईल. लोखंडाचे ठोकळे आहेत. आपण खाली येतो तेव्हा ते वर जातं, म्हणून आपण पडत नाही. ही लिफ्ट बांधली तेव्हाच कोणी तरी आत येणाऱ्या माणसांचं वजन धरून ते तिथं टांगून ठेवलंय. तुमचंही धरलंय त्यात."

"माझं?"

"तुमचंही. आलं. हे बघा, गेलं."

काहीच दिसलं नाही. भिंतीपलीकडून एक मोठं काही तरी आमच्या शेजारून निघून गेलं; त्याचा वारा जाळीतून खाली आला. आजींनी डोळे उघडले. त्या वर बघत होत्या, छपराकडे, छपराच्याही पलीकडे. मी बघितलेलं सगळं त्या तिथं बघत होत्या, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं: ती पोकळी, फटींतले उजेड, काळोखात जाणारे दोर, आणि त्यांच्याशी उभी असलेली एक बाई, जी सांगतेय. मलाही पहिल्यांदा समजलं, की मी इतके दिवस काय टाइप करत होते.

"घाबरलीस का गं?" आजींनी वर ओरडून विचारलं.

"इथं नाही!"

"मीपण नाही!" आजी म्हणाल्या, आणि माझा हात आणखी घट्ट धरला.

तळमजल्यावर दार सरकलं. खुर्च्यांवरची माणसं उभी होती. लिफ्टच्या पोकळीतून मजल्या-मजल्यानं उतरत आलेला आवाज त्यांनी ऐकला होता. कोणाच्याच हातात फोन नव्हता. सेक्रेटरी जिन्याने धावत खाली आले होते आणि त्यांना दम लागला होता. ते जाऊबाईंना शोधत इकडेतिकडे बघत म्हणाले, "बाई कुठं आहेत? करार... म्हणजे ते लिखाण राहू दे, म्हणावं. करार तुमचाच."

"करार-बिरार नंतर," आजी म्हणाल्या. "गप्प. ती येतेय."

उघड्या दरवाजातून रस्ता दिसत होता, उन्हात, त्यावरची माणसं, एक सायकल. इतक्या काळानं समोर आलेल्या त्या रस्त्याकडे आजींनी पाठ केली आणि जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वर पहिल्या मजल्यावर किल्ली वाजली, दार उघडून मिटलं. मग जाऊबाईंचे बूट एकेक पायरी उतरताना ऐकू यायला लागले.