रिक्षावाल्या काकांचे डोळे

हल्ली मीच हा रेषांचा प्रयोग वर्गात शिकवते, आणि दरवर्षी तो माणूस आठवून ओशाळायला होतं.

मी तेव्हा मुलुंडला कॉलेजात होते. आमच्या घरातली कॉलेज पाहिलेली मी पहिली, त्यामुळे हुरूप भारी. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचं माणूस हवं म्हणून फाटकावरच्या रिक्षावाल्या काकांना वर आणलं. तक्त्यावरची सर्वांत लांब रेष कोणती, एवढंच सांगायचं होतं. त्यांच्या आधी आम्ही सहाजणी ठरवून चुकीची सांगत होतो, आमचं ऐकून ते आपलं उत्तर बदलतात का ते पाहायला.

पहिल्या दोनदा काका बरोबर बोलले. मग त्यांनी चष्मा काढून खाकी शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा हळूच म्हणाले, "या ताई म्हणतात तीच."

आम्ही हसत हसत खरं काय ते सांगितलं. ते हसले नाहीत. "लायसनसाठी पुढल्या आठवड्यात डोळे तपासायचेत. म्हणजे माझे डोळे बरे आहेत ना?"

"एकदम झकास, काका!" आम्ही एका सुरात ओरडलो.

"मघाशीपण सगळ्या एकच बोलत होतात ना," म्हणत ते जिना उतरले.

मी मागोमाग गेले. रस्त्यावर उभ्या गाड्यांचे नंबर ते एकेक करून मोठ्याने वाचत होते. सगळे बरोबर होते, पण ते माझ्या तोंडून ऐकून त्यांना आता काय खरं वाटणार होतं?